रयत, इसम आणि हळद : सांगली-साताऱ्याच्या मराठीतून हिब्रूकडे

सातारा-सांगलीत ‘रयत’ म्हटलं की कर्मवीर भाऊराव पाटलांची संस्था डोळ्यांपुढे येते. १९१९ साली कराडजवळच्या काले गावात सुरू झाली, १९२४ पासून साताऱ्यातून चालते. शब्द मात्र लांबून आलाय. फारसीतून आपल्याकडे, आणि फारसीत अरबीतून. अरबी ‘रइय्या’ म्हणजे राखलेला कळप, आणि त्यावरून राजाच्या राखणीतली प्रजा. धातू र-ऐन-य (‘ऐन’ हे घशातून काढायचं अरबी अक्षर), अर्थ चारणं, राखणं. हाच धातू हिब्रूत ‘रोए’, म्हणजे मेंढपाळ, या शब्दात आहे. बायबलातल्या २३व्या स्तोत्राची पहिलीच ओळ ‘परमेश्वर माझा मेंढपाळ’ म्हणते, तिथे मूळ शब्द ‘रोई’ आहे.

हे ऐकून कुणी लगेच म्हणेल, म्हणजे ‘रयत शिक्षण संस्था’ म्हणजे मेंढरांची शाळा का? नाही. आणि हे ‘नाही’ नीट, पुराव्यानिशी म्हणता येणं हाच या विषयातल्या अभ्यासकाचा धंदा आहे. सेमिटिक भाषा आणि बायबल-अभ्यास यात कारकीर्द म्हणजे काय, आपल्या भागातल्या मुलामुलींनी त्यात उतरायचं तर कुठून, आणि कुठे पाय घसरतो, ते इथे लिहितोय.

सेमिटिक भाषा म्हणजे हिब्रू, अरबी, अरामी, सिरियाक (ही अरामीचीच एक शाखा), युगारिटिक, अक्कादी, इथिओपियातली गीझ वगैरे. यांचा कणा तीन व्यंजनांच्या धातूचा. स्वर आत-बाहेर बदलत राहतात, व्यंजनं टिकतात. मराठी माणसाला हे शिकवायला वेगळी उदाहरणं लागत नाहीत, शिवकाळापासूनची दफ्तरं अरबी शब्दांनी भरलेली आहेत. ह-क-म पासून हुकूम, हकीम, हुकमत. म-ल-क पासून मालक आणि मुलूख. क-त-ब पासून किताब. याच धातूंचे हिब्रू भाऊबंद : ‘हाखाम’ म्हणजे शहाणा, ‘मेलेख’ म्हणजे राजा, ‘कातव’ म्हणजे त्यानं लिहिलं. कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुदी, समाजात लग्नाचा करार लिहितात, त्याला ‘केतुबा’ म्हणतात. तोही क-त-ब.

आता नियम. अरबीत जिथे ‘स’ आहे तिथे हिब्रूत बहुधा ‘श’ येतो. सलाम–शालोम. सन (वर्ष)–शाना. रईस, ज्याच्या मुळाशी ‘डोकं’ आहे–रोश. इसम–शेम. हिसाब–हाशव (मोजणं, विचार करणं). अशा पाच-सहा जोड्या वहीत लिहिल्या की डोकं आपोआप पुढच्या जोड्या शोधायला लागतं, आणि इथेच पहिला सापळा लागतो. मराठीत आपण ‘हिशेब’ म्हणतो, ‘श’ने. म्हणजे मराठी हिब्रूला जास्त जवळची? मुळीच नाही. इ-ए च्या शेजारी ‘स’चा ‘श’ करणं ही मराठीची स्वतःची खोड आहे : सिपाही–शिपाई, सिक्का–शिक्का, हिसाब–हिशेब. हिब्रूतला ‘श’ हजारो वर्षांचा, मराठीतला आपल्या जिभेचा. निकाल सारखा दिसतो, कारण वेगळं आहे. परीक्षक नेमका हाच प्रश्न विचारतो.

दुसरा सापळा फारसीनं लावून ठेवलाय. अरबीत ‘झ’सारखी ऐकू येणारी चार वेगळी अक्षरं आहेत, ‘स’ची तीन, ‘त’ची दोन, ‘ह’ची दोन. फारसी उच्चारात ती एक झाली आणि मराठीत तशीच आली. म्हणून मराठी ‘ज’वरून मूळ अक्षर कळत नाही. तहसील कचेरीत आपण जमिनीसाठी अर्ज करतो. अरबीत ‘जमीन’ला ‘अर्द’ म्हणतात, तिचा हिब्रू जोडीदार ‘एरेत्स’, आणि या अर्दचा फारसी उच्चार ‘अर्ज’च होतो. किती छान जुळतंय! पण कागदावरचा ‘अर्ज’ ‘ऐन’ या अक्षरानं सुरू होतो, अर्थ ‘समोर मांडणं’; जमिनीचा ‘अर्द’ हमजानं, म्हणजे घशातल्या नुसत्या अडथळ्यानं, सुरू होतो. दोन वेगळे धातू. मराठीनं दोन्हींचा ‘अ’ केला आणि आपण फसलो.

उपाय सोपा आहे, फक्त आळस नको. मराठी शब्द घेतला की आधी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७, इंटरनेटवर मोफत) उघडायचा. तिथे अरबी शब्दाला ‘ए’ आणि फारसीला ‘पी’ अशी खूण असते. ‘पी’ असेल तर तो शब्द तीन व्यंजनांत मोडायच्या भानगडीत पडू नका. सरदार, दरबार, शिपाई यांत सेमिटिक धातू शोधणं म्हणजे उसाच्या फडात आंबे शोधणं. ‘ए’ असेल तर अरबी कोशात मूळ अक्षरं बघायची, मग हिब्रू कोशात जोडीदार आणि शेवटी अर्थ. हाच क्रम. अर्थापासून सुरुवात केली की हवं ते सापडतं.

अर्थाचंच बोलायचं तर ‘इसम’ हा शब्द पाहा. अरबी ‘इस्म’ म्हणजे नाव. मराठी पंचनाम्यात ‘एक अनोळखी इसम’ म्हणजे माणूस, आणि त्याचं नाव तर कुणालाच माहीत नसतं! हिब्रू ‘लेहेम’ म्हणजे भाकर, तोच शब्द अरबीत ‘लह्म’, म्हणजे मांस. बेथलेहेमचा अर्थ हिब्रू वाचणाऱ्याला ‘भाकरीचं घर’ लागतो, अरबी बोलणाऱ्याला ‘मांसाचं घर’. शब्दाचा अर्थ त्याच्या धातूत नसतो, वापरात असतो. बायबल-अभ्यासक जेम्स बार यांनी १९६१ साली हीच गोष्ट इतक्या कठोरपणे मांडली की धातूंवरून धर्मतत्त्वं काढणाऱ्या त्या काळच्या बऱ्याच लेखनाची पंचाईत झाली. तरी अजून प्रवचनांत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ‘मूळ हिब्रूत याचा खरा अर्थ…’ चालूच असतं. ‘खरा अर्थ’ म्हणणारा भेटला की त्याला ‘इसम’ विचारा.

व्याकरणात मात्र मराठी माणूस इंग्रजीतून शिकणाऱ्याच्या बराच पुढे असतो, आणि हे कुणी सांगत नाही. ‘तू गेलास’, ‘तू गेलीस’ : समोरच्याचं लिंग क्रियापदात दिसणं आपल्याला नवं नाही. हिब्रूत ‘कातवता’ पुरुषाला, ‘कातवत’ बाईला. ‘पोरगा पाहिला’ पण ‘त्या पोराला पाहिलं’, ठरावीक कर्माला आपण ‘ला’ लावतो; हिब्रू त्याच्याआधी ‘एत’ लावते. शिकणं–शिकवणं हा प्रयोजकही ओळखीचा : ‘लामद’ म्हणजे शिकला, ‘लिम्मेद’ म्हणजे शिकवलं. क्रियापदाचे असे मुख्य साचे सात. ‘नातन’ (दिलं) चं ‘यित्तेन’ (देईल) होताना ‘न’ पुढच्या ‘त’त मिसळून दुहेरी होतो. सप्त–सत्त–सात हे ज्यानं शाळेत वाचलंय त्याला यात काही जादू वाटणार नाही. पण परीक्षेत नापास होणारे बहुतेक इथेच होतात : ‘यित्तेन’ समोर आला की कोशात ‘य’खाली किंवा ‘त’खाली शोधत बसतात. धातूतलं एखादं व्यंजन गिळलं गेलंय हे ओळखायची सवय लागेपर्यंत रोज दहा रूपं उलगडून लिहावी लागतात. दुसरा रस्ता नाही.

उलटं असतं ते षष्ठीचं. ‘राजाचं घर’ म्हणताना मराठी ‘राजा’ला प्रत्यय लावते. हिब्रू ‘राजा’ला हात लावत नाही, ‘घर’च आखडतं : ‘बायित’चं ‘बेत’. आधी ‘घर’, मग ‘राजा’. मराठी मनाला हे सहा महिने तरी खुपतं. आणि ३ ते १० या अंकांत पुल्लिंगी नामाला स्त्रीलिंगी दिसणारा अंक लागतो. त्याचं कारण विचारू नका, पाठ करा.

उच्चारात आपलं नुकसान आणि फायदा दोन्ही आहे. हिब्रूतला घासून येणारा ‘ख’ आपण ‘खाणं’मधला करतो, तो श्वासाचा ‘ख’ आहे, घर्षणाचा नाही. अरबीतला जड ‘त’ आपण ‘ट’ करतो. तो जीभ वळवून काढायचा नाही, जीभ मागे दाबून काढायचा आहे. ‘ऐन’ तर आपण सरळ गिळतो. गंमत म्हणजे ‘ऐन दिवाळीत’ म्हणताना जो ‘ऐन’ आपण वापरतो तो याच अक्षराच्या नावाचा जुळा : अरबीत ‘ऐन’ म्हणजे डोळा, आणि एखाद्या गोष्टीचा गाभा. हिब्रूतही ‘आयिन’ म्हणजे डोळा, अक्षर मुळात डोळ्याच्या आकाराचंच होतं. फायदा असा की हिब्रू ‘त्सादे’चा आजचा उच्चार म्हणजे आपल्या ‘चाक’मधला ‘च’. हिंदीवाल्याला तो शिकवावा लागतो. आपल्याला आयता.

लिपीत २२ अक्षरं, उजवीकडून डावीकडे. स्वरांच्या खुणा अक्षरांच्या खाली-वर ठिपके-रेघांनी, आणि त्या बऱ्याच उशिरा, तिबेरियातल्या मासोरेत, म्हणजे बायबलचा पाठ जपणाऱ्या, पंडितांनी साधारण सातव्या ते दहाव्या शतकात बसवल्या. मोडी वाचणाऱ्याला संदर्भावरून शब्द लावायची सवय असते, तिचा बिनखुणांची हिब्रू वाचताना उपयोग होतो. मात्र एक खूण दोन आवाजांची आहे. ‘कामेत्स’ कधी दीर्घ ‘आ’, कधी ऱ्हस्व ‘ओ’. त्यामुळे ‘शहाणपण’ हा शब्द ‘होखमा’ आहे, पण नवशिके हमखास ‘हाखमा’ वाचतात. बंद (व्यंजनानं संपणारं) आणि आघात नसलेलं अक्षर असेल तर ‘ओ’, एवढं लक्षात ठेवा.

भाषांचा क्रम सांगतो, कारण उत्साहात लोक एका वर्षात चार भाषा सुरू करतात आणि एकही येत नाही. पहिलं वर्ष फक्त बायबलची हिब्रू. दुसऱ्या वर्षी कथांचं सलग वाचन, आणि सोबत अरामी. बायबलात अरामी थोडीच आहे : दानिएल २:४ ते ७:२८, एज्राचे काही भाग, यिर्मयात एक वचन, उत्पत्तीत दोन शब्द. हिब्रू येत असेल तर तीन-चार महिन्यांत होते. मग सिरियाक किंवा अरबी. युगारिटिक (१९२८ मध्ये सीरियात रास शम्राजवळ अपघातानं एक थडगं सापडलं, १९२९ च्या उत्खननात तिच्या पाट्या हाती लागल्या, ३० चिन्हांची कीलाक्षरी वर्णमाला) हिब्रू कवितेसाठी सोन्याची. अक्कादीला मात्र दोन वर्षं पूर्ण द्यावी लागतात, तिची चिन्हं शेकड्यांनी आहेत. तिचा शिकागोचा मोठा कोश १९२१ मध्ये सुरू होऊन २०११ मध्ये पुरा झाला, आणि आता मोफत उतरवून घेता येतो. नव्वद वर्षं एक कोश! शिवाय ग्रीक, आणि वाचण्यापुरती जर्मन. जर्मनशिवाय पीएचडीचा मार्गदर्शक उभं करत नाही, कारण या विषयाचं निम्मं घर त्या भाषेत बांधलंय.

आता प्रत्यक्ष काम कसं चालतं ते एका शब्दावर दाखवतो, आणि शब्द सांगलीचाच घेतो. बायबलातल्या गीतरत्नात (शलमोनाचं गीत) ४:१४ मध्ये सुगंधी वस्तूंची यादी आहे, तीत ‘कार्कोम’ येतो. संपूर्ण हिब्रू बायबलात हा शब्द एकदाच येतो, त्यामुळे दुसरीकडचा वापर बघून अर्थ लावायची सोय नाही. अरबीत ‘कुर्कुम’ म्हणजे हळद, काही ठिकाणी केशरही. हळदीचं शास्त्रीय नाव कुर्कुमा त्यावरूनच आलं. हरिपूरच्या पेवांतून निघालेली, २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली सांगलीची हळद शलमोनाच्या गीतात? मथळा तयार. थांबा.

पहिली पायरी, पाठ. शब्द खरंच तसा लिहिलाय का? त्यासाठी छापील संशोधित आवृत्ती, जी सेंट पीटर्सबर्गमधल्या लेनिनग्राड हस्तलिखितावर (इ.स. १००८) उभी आहे, आणि तिच्या पानाच्या तळाशी दिलेले पाठभेद. दुसरी पायरी, जुनी भाषांतरं. ग्रीक भाषांतर ‘क्रोकोस’ म्हणतं, लॅटिन ‘क्रोकुस’. दोन्ही केशर. तिसरी, नातेवाईक शब्द : अरामी ‘कुर्केमा’, अरबी ‘कुर्कुम’, आणि संस्कृत ‘कुङ्कुम’, ज्याचा जुना अर्थ केशरच. चौथी, शेजार. यादीत ‘नेर्द’ आहे, तो संस्कृत ‘नलद’पासून, म्हणजे जटामांसी. ‘अहालोत’ आहे, त्याचं नातं ‘अगरु’शी लावतात. दालचिनी आहे, ऊद-लोबान आहे. सगळं वासाचं आणि दूरदेशचं. हळदीला वास आहे, पण अत्तरांच्या रांगेत बसेल असा नाही. पाचवी पायरी, वनस्पती आणि व्यापार. इथे घाईनं ‘हळद त्या काळी तिथे पोचलीच नव्हती’ असं लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. पण इस्राएलमधल्या मेगिद्दो इथल्या, इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकातल्या माणसांच्या दातांवरच्या किटणात हळदीचे अंश सापडल्याचं डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे तो युक्तिवाद गेला. उरतं काय? केशराकडे पारडं झुकतं ते भाषांतरांच्या आणि यादीच्या जोरावर, हळद पोचली नसल्याच्या जोरावर नव्हे. निकाल तोच, पण ज्या विटेवर तो उभा होता ती बदलली. चांगला शोधनिबंध एवढंच करतो, आणि त्याला बारा-पंधरा पानं लागतात.

भारतीय शब्दांच्या या धाग्यावर आपल्याकडच्या अभ्यासकाला खरं काम आहे. एस्तेर १:६ मधला ‘कार्पस’ म्हणजे कार्पास, आपला कापूस. त्याच पुस्तकाच्या पहिल्या वचनात ‘होद्दू’, म्हणजे हिंद. राजे पहिला, १०:२२ मधला माकडासाठीचा ‘कोफ’ आणि आपला ‘कपि’ यांचंही नातं लावतात. यासाठी संस्कृत आणि हिब्रू दोन्ही हवं, आणि दोन्ही येणारी माणसं जगात फार नाहीत. म्हणून बी.ए.ला संस्कृत किंवा भाषाविज्ञान घेतलंत तर ते वाया जात नाही. पाणिनीची शिस्त ज्यानं सोसली त्याला हिब्रूचे सात साचे जड जात नाहीत.

शिक्षणाची वाट. सांगली-साताऱ्यात नियमित हिब्रू मिळणं अवघड, पुढे पुण्याला जावं लागतं. तिथे बिबवेवाडीचं युनियन बिब्लिकल सेमिनरी आणि नगर रस्त्यावरचं ज्ञानदीप (पूर्वीचं ज्ञानदीप विद्यापीठ). बाहेर बंगळूरचं युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज, बंगालातलं १८१८ चं सेरामपूर कॉलेज, सिरियाकसाठी कोट्टायमची ‘सीरी’ संस्था. बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी), मग जुना करार घेऊन एम.टीएच., मग डॉक्टरेट, हा धर्मशास्त्राचा रस्ता. चर्चशी संबंध नसलेल्यांसाठी डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञान आणि मग परदेशी विद्यापीठ. पदवीची ३, पदव्युत्तर २, भाषा पक्क्या करायला २, पीएचडी ४-५ : घरच्यांना आधीच अकरा-बारा वर्षं सांगा. नोकऱ्या मोजक्या. सेमिनरीत अध्यापन, बायबल भाषांतराच्या प्रकल्पांत सल्लागार, हस्तलिखित संग्रह, आणि अलीकडे संगणकीय भाषाकोश. एकाच दारावर बसू नये.

प्रबंधाचा विषय निवडताना मराठी संग्रहांकडे दुर्लक्ष करू नका, तिथे गर्दी नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल केलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, ते १९२४ मध्ये छापून पूर्ण झालं. त्यांनी कुठला हिब्रू शब्द कसा फिरवला, एकच धातू दहा ठिकाणी एकाच मराठी शब्दानं दिला की वेगवेगळ्या, हे तक्ते करून बघण्यासारखं आहे. बेने इस्राएल समाजाची मराठी हग्गादा (वल्हांडण सणाच्या रात्री वाचायचं पुस्तक) १८४६ मध्ये मुंबईत निघाली, पुण्यात १८७४ मध्ये सचित्र. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. हे वाचायला हिब्रू हवी आणि एकोणिसाव्या शतकाची मराठीही. परदेशी अभ्यासक पहिलं शिकून येतो, दुसऱ्यापाशी अडतो.

पहिला लेख मोठा नको. आधी दोन-तीन पुस्तक-परीक्षणं, मग एका शब्दावरची किंवा एका वचनावरची टीप, मग प्रबंधातलं एक प्रकरण. संपूर्ण प्रबंध एका लेखात कोंबला की परीक्षक दोन ओळींत परत पाठवतो.

शेवटचं, कंटाळवाणं पण वेळ खाणारं. संगणकावर हिब्रू आणि देवनागरी एकाच ओळीत आली की उजवी-डावी दिशा भांडतात : विरामचिन्हं उडी मारतात, वचनाचा क्रमांक उलटा दिसतो. हिब्रू मजकुरासाठी वेगळी शैली बनवून तिची दिशा उजवीकडून ठेवा, प्रत्येक शब्दाला हातानं लावू नका. पीडीएफमधून उचललेला हिब्रू शब्द बऱ्याचदा अक्षरं उलटी होऊन येतो, आणि ‘शालोम’चं ‘मोलाश’ झालेलं नजरेला पटकन कळत नाही, कारण ओळख नसलेली लिपी सगळीच बरोबर दिसते. सेफारिया किंवा स्टेप बायबल या मोफत ठिकाणांवरून घ्या, आणि छापायला देण्याआधी प्रत्येक उतारा छापील आवृत्तीशी बोट ठेवून, अक्षर न् अक्षर ताडून पाहा.